आलेला चेक चुकीचा, नाकारलेला दावा बरोबर: महामारीतलं पेरोल क्रेडिट तिमाही-तिमाहीने कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एका मराठी जोडप्याचं रेस्टॉरंट आहे, २०१६ पासून. कंपनी बायकोच्या नावावर, पेरोलवर १४ जण. २०२३ च्या फेब्रुवारीत एका एजन्सीने फोन करून त्यांच्यासाठी एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिटचे, म्हणजे ईआरसीचे (कोविडकाळात माणसांना पगारावर ठेवणाऱ्या धंद्यांना मिळणारं सरकारी टॅक्स क्रेडिट), सहा तिमाहींचे दावे भरले. फी पैसे आल्यावर, २५ टक्के. चार तिमाहींचे चेक आले, त्यात २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीचाही होता. २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीचा दावा नाकारल्याचं पत्र सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. २०२० च्या चौथ्या तिमाहीचा अजून पत्ता नाही. शिवाय आता दुसरीच एक कंपनी ‘राहिलेलं मिळवून देतो’ म्हणून फोन करतेय. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: नवा दावा करता येईल का, पत्राला उत्तर द्यावं का, आणि आलेले पैसे आता आपलेच ना?

नमस्कार ताई. मी एडिसनमध्ये छोट्या धंद्यांचे पेरोल आणि टॅक्स बघतो. गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या टेबलावर ईआरसीइतके कागद दुसऱ्या कशाचे आले नसतील. तुम्ही विक्रीचे आणि पगाराचे आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत, त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही.

नव्या दाव्याचं आधी सांगतो. ते दार बंद झालंय. २०२० च्या तिमाहींसाठी ९४१-एक्स, म्हणजे तिमाहीच्या पेरोल रिटर्नमध्ये दुरुस्ती करायचा फॉर्म, भरायची शेवटची तारीख १५ एप्रिल २०२४ होती आणि २०२१ च्या तिमाहींसाठी १५ एप्रिल २०२५. त्यातच ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्याने २०२१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीचे जे दावे ३१ जानेवारी २०२४ नंतर भरले गेले, त्यांचे पैसे देणंच थांबवलं. तुमचे दावे २०२३ चे आहेत, त्यामुळे तुम्हांला ही तारीख लागत नाही. पण आज कुणी फोनवर ‘अजून मिळेल’ म्हणत असेल तर त्याला तुमचा ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, देऊ नका, कुठल्याही कागदावर सही करू नका.

आता मूळ मुद्दा. ताई, तुम्ही सहाही तिमाहींकडे एकच गठ्ठा म्हणून बघताय, कारण एजन्सीने तसंच बघितलं. कायदा मात्र प्रत्येक तिमाही वेगळी मोजतो. एका तिमाहीत तुम्ही पात्र असाल आणि पुढच्या तिमाहीत नसाल. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, चेक पाठवला म्हणून कुणी तुमचे कागद तपासले असं होत नाही, आणि नकाराचं पत्र आलं म्हणून तुमची बाजू खोटी ठरत नाही. तुमच्या आकड्यांवरून मला तर उलटंच चित्र दिसतंय. ज्याचा चेक आलाय तो २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीचा दावा चुकीचा आहे आणि जो नाकारलाय तो दुसऱ्या तिमाहीचा दावा मुळात बरोबर आहे. कसा, ते आकड्यांवरून बघू.

पात्र ठरायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सरकारी आदेशामुळे धंदा पूर्ण किंवा अंशतः बंद राहणं. दुसरा म्हणजे २०१९ च्या त्याच तिमाहीच्या तुलनेत विक्री पडणं. विक्रीचा मार्ग आधी बघतो, कारण त्याला पुरावा सोपा लागतो.

२०२० साठी विक्री २०१९ च्या निम्म्याहून खाली जायला हवी होती. तुमची २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीची विक्री २ लाख १० हजार डॉलर, २०२० च्या दुसऱ्या तिमाहीची ८६ हजार. म्हणजे ४१ टक्के. इथे तुम्ही पात्र झालात. आता नियमातली एक गोष्ट पुष्कळ लोकांच्या लक्षात येत नाही: एकदा विक्री निम्म्याखाली गेली की ती पुन्हा ८० टक्क्यांच्या वर येईपर्यंत तुम्ही पात्रच राहता, आणि ज्या तिमाहीत ती वर येते ती तिमाहीसुद्धा मोजली जाते. पात्रता संपते ती त्याच्या पुढच्या तिमाहीपासून. तिसऱ्या तिमाहीत तुमची विक्री २ लाख ५ हजारांच्या जागी १ लाख ४८ हजार होती, म्हणजे ७२ टक्के. बसते. चौथ्या तिमाहीत २ लाख ४० हजारांच्या जागी १ लाख ९९ हजार, म्हणजे जवळपास ८३ टक्के. बघताक्षणी वाटतं, ही गेली. पण नाही, तीही बसते. ज्या दाव्याचा पत्ता नाही तो हाच. तो सोडून देऊ नका.

२०२१ मध्ये निकष सैल झाला. विक्री ८० टक्क्यांच्या खाली असली की पुरे. शिवाय त्या तिमाहीऐवजी लगेच आधीची तिमाही बघायची मुभाही मिळाली. पहिल्या तिमाहीत तुमची विक्री १ लाख ९० हजारांच्या जागी १ लाख ४६ हजार, म्हणजे ७७ टक्क्यांच्या आत. बसते. दुसऱ्या तिमाहीत २ लाख १० हजारांच्या जागी १ लाख ८७ हजार, म्हणजे ८९ टक्के. पत्रात नेमकं हेच कारण दिलंय, विक्रीतली घट पुरेशी नाही. पण आधीच्या तिमाहीचा पर्याय वापरला की पहिल्या तिमाहीचे ७७ टक्के दुसऱ्या तिमाहीलाही तारतात. एजन्सीने या पर्यायाबद्दल एक ओळही कुठे जोडलेली नाही. त्यांनी फक्त रक्कम टाकली.

तिसऱ्या तिमाहीत मात्र विक्री २ लाख ५ हजारांवरून २ लाख १४ हजारांवर गेली. धंदा २०१९ पेक्षा चांगला चालला. आधीची तिमाही बघावी तर ती ८९ टक्के. दोन्हीकडून बाहेर.

मग सरकारी आदेशाचा मार्ग? न्यू जर्सीत १६ मार्च २०२० ला गव्हर्नर मर्फी यांच्या आदेशाने रेस्टॉरंटमध्ये बसून जेवणं बंद झालं, फक्त पार्सल उरलं. १५ जूनला बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली. आत बसवायला ४ सप्टेंबर उजाडला, तोही २५ टक्के क्षमतेने. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते ३५ टक्के झालं आणि १९ मार्चपासून ५० टक्के. मे महिन्यात आधी टक्केवारीची अट उठली आणि २८ मे ला आतलं सहा फुटांचं अंतरही गेलं. तुमचं बसून जेवण्याचं गिऱ्हाईक २०१९ मध्ये एकूण विक्रीच्या १० टक्क्यांहून कितीतरी जास्त होतं, त्यामुळे अंशतः बंदचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. पण मे २०२१ पर्यंतच. जुलै ते सप्टेंबर २०२१ मध्ये तुमच्या हॉलवर कुठलाही आदेश नव्हता. एजन्सीने त्या तिमाहीसाठी ‘माल वेळेवर मिळत नव्हता’ असं लिहिलंय. माल उशिरा येणं पुरेसं नाही. ज्याच्याकडून माल येतो त्याचा धंदा सरकारी आदेशाने थांबलेला होता आणि त्यामुळे तुमचं काम अडलं, हे दाखवावं लागतं. तूरडाळीचा कंटेनर बंदरात अडकला, हे कारण चालत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. विक्रीच्या मार्गाने पात्र ठरलात तर पूर्ण तिमाहीचे पगार मोजता येतात. आदेशाच्या मार्गाने ठरलात तर आदेश लागू होता तेवढ्याच दिवसांचे. म्हणून २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीसाठी पहिली बाजू विक्रीची मांडा आणि आदेशाची बाजू तिच्या मागे ठेवा.

आता रक्कम. इथे मला तुमच्यासाठी खरंच वाईट वाटलं, कारण एजन्सीने जी रक्कम टाकली ती कुठल्याही पगारपत्रकातून आलेली नाही. २०२१ मध्ये दर तिमाहीला माणशी १० हजार डॉलरपर्यंतच्या पगाराच्या ७० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ७ हजार मिळायचे. २०२० मध्ये पूर्ण वर्षाच्या मिळून १० हजारांच्या ५० टक्के, म्हणजे माणशी ५ हजार, सगळ्या तिमाही धरून. २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीच्या तुमच्या दाव्यात एजन्सीने १४ माणसांना ७ हजारांनी गुणून ९८ हजार लिहिले. पार्ट टाइम भांडी घासणाऱ्या मुलालाही ७ हजार. असा गोल आकडा बघितला की तपासणाऱ्याला पगारपत्रक उघडायचीही गरज पडत नाही.

त्या १४ मध्ये तुम्ही आहात, तुमचे यजमान आहेत, किचन सांभाळणारे तुमचे दीर आहेत आणि काउंटरवर बसणारी पुतणी आहे. या चौघांचेही पगार बाद. निम्म्याहून जास्त मालकी असलेल्या माणसाचे भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं-नातवंडं, काका-आत्या-मामा-मावशी, भाचे-पुतणे, आणि सासू-सासरे, जावई, सून, दीर, नणंद, मेहुणे ही लग्नाची नाती, यांचे पगार मोजत नाहीत. कायदा नवऱ्याला बायकोच्या शेअर्सचा मालक धरतो, म्हणून दोन्ही घरची नाती बघावी लागतात. तुम्ही विचाराल, मग माझा स्वतःचा पगार का नाही? तर तुमच्या मुलामुळे. कागदावर मुलाचा एकही शेअर नाही, पण तुमची मालकी कायद्याच्या नजरेत त्याच्याकडेही जाते, आणि मग तुम्ही दोघं ‘मालकाचे आई-वडील’ ठरता. आयआरएसने २०२१ च्या ऑगस्टमध्ये नोटीस काढून हे स्पष्ट केलं होतं. एजन्सीने दावा भरला २०२३ मध्ये. त्यांना हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

एक चांगली बातमीही आहे. तंदूरवर काम करणारा यजमानांचा मावसभाऊ या यादीत येत नाही. चुलत, मामे, आते, मावस भावंडं कायद्याच्या यादीत नाहीत. मात्र तो त्या वर्षी तुमच्याच घरी राहत असेल तर प्रश्न येतो, तेव्हा त्याचा तेव्हाचा पत्ता बघून ठेवा. तसंच वेटरांनी कळवलेली टिप पगारात धरता येते, महिन्याला २० डॉलर किंवा जास्त असेल तर. आणि १०९९ वर, म्हणजे कंत्राटावर, घेतलेली माणसं पगारदार नाहीत, त्यांना धरू नका.

म्हणजे उरले १० जण. तुमच्या पत्रकाप्रमाणे दुसऱ्या तिमाहीत सात जणांचा पगार टिपसकट प्रत्येकी ८,४०० आणि तीन पार्ट टाइमवाल्यांचा प्रत्येकी ३,६००. एकूण ६९,६००, त्याचे ७० टक्के ४८,७२०. एजन्सीच्या आकड्याच्या निम्मेच झाले हे.

यातूनही पीपीपीचा, म्हणजे कोविडकाळातल्या माफ होऊ शकणाऱ्या सरकारी योजनेतल्या कर्जाचा, हिशेब वजा जायचाय. सुरुवातीला पीपीपी घेतलं की ईआरसी मिळतच नसे. २०२० च्या डिसेंबरमधल्या कायद्याने दोन्ही चालतील असं केलं, पण एकच पगार दोन्हीकडे दाखवता येत नाही. तुम्ही २०२१ मध्ये दुसरं पीपीपी ६० हजारांचं घेतलं आणि ते माफ झालं. माफीसाठी त्यातले किमान ६० टक्के पगारात दाखवायला लागायचे, म्हणजे ३६ हजार. बाकी भाडं आणि वीज. आता सगळं अवलंबून आहे ते माफीच्या अर्जात तुम्ही काय लिहिलं यावर. भाडं, वीज लिहिलं असेल तर फक्त ३६ हजारांचे पगार अडकले. सगळे ६० हजार पगारच म्हणून लिहिले असतील तर ते सगळे अडकले, भाडं खरोखर भरलं होतं असं आज सांगून उपयोग नाही. जे पगार पीपीपीला लावायचे त्यात आधी तुमचा, यजमानांचा, दिरांचा, पुतणीचा पगार लावा. ते ईआरसीत तसेही चालत नाहीत, पीपीपीत चालतात, मालकाच्या पगाराला असलेल्या मर्यादेपर्यंत. तो माफीचा अर्ज बँकेच्या पोर्टलवर अजून असेल, तो उतरवून घ्या. त्याच्याशिवाय मी शेवटचा आकडा सांगणार नाही.

यजमानांच्या नावावर दुसरा धंदा असेल तर तेही सांगा. मालकी एकाच घरात असेल तर दोन्ही धंद्यांची विक्री एकत्र मोजावी लागू शकते आणि वरची सगळी टक्केवारी बदलते.

आता पत्र. तुमच्याकडे आलंय ते १०५-सी, म्हणजे दावा नाकारल्याचं पत्र. उत्तर द्यायला ३० दिवस दिलेले असतात. ते पाळा. २०२४ मध्ये गेलेल्या काही पत्रांत अपिलाचा परिच्छेद छापायचाच राहिला होता. तो तुमच्या पत्रात नसला तरी अपिलाचा हक्क आहेच. उत्तरात एजन्सीच्या ९८ हजारांची बाजू मांडू नका. तुमचा बरोबर आकडा मागा आणि त्याच्यामागे कागद लावा: २०१९, २०२० आणि २०२१ च्या विक्रीची तिमाहीवार पत्रकं, सेल्स टॅक्सचे रिटर्न, माणसागणिक पगारपत्रक, पीपीपीच्या माफीचा अर्ज, नातेवाईक वगळल्याची यादी, आणि आधीची तिमाही वापरल्याचा स्पष्ट उल्लेख. आदेशाची बाजू म्हणून गव्हर्नरच्या आदेशांचे क्रमांक आणि तारखा जोडा. आदेशाची प्रत न जोडता ‘कोविड होता’ एवढंच लिहिलेली उत्तरं मी परत येताना पाहिलीत.

यातला सगळ्यात मोठा धोका सांगतो. अपील केलं की घड्याळ थांबतं असं लोक समजतात. ते थांबत नाही. पत्राच्या तारखेपासून दोन वर्षांत पैसे मिळाले नाहीत तर कोर्टात जायची मुदत संपते, अपील अजून चालू असलं तरी. तुमच्यासाठी ती सप्टेंबर २०२७. आयआरएसबरोबर फॉर्म ९०७ वर सह्या करून मुदत वाढवता येते, पण दोन्ही बाजूंच्या सह्या ती संपण्याआधी व्हायला हव्यात. आयआरएसकडून सही यायला वेळ लागतो, म्हणून हे २०२७ च्या सुरुवातीलाच हाती घ्या.

आता चेक आला त्या तिसऱ्या तिमाहीचं. आपण पात्र नाही हे आता तुम्हांला आकड्यांनिशी माहीत झालंय. ज्यांनी आपणहून पैसे परत करायचे त्यांच्यासाठी दोन योजना आल्या होत्या. पहिली मार्च २०२४ मध्ये संपली, तिच्यात ८० टक्केच परत करावे लागायचे. दुसरी नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, तिच्यात ८५ टक्के. ती सूट द्यायचं कारणच हे होतं की एजन्सीची फी गेलेली असते. तुमच्या एजन्सीने या दोन्ही योजनांबद्दल तुम्हांला चकार शब्द सांगितला नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड याचीच येते. आता सूट नाही. त्या तिमाहीसाठी पुन्हा ९४१-एक्स भरून क्रेडिट शून्य करायचं आणि पूर्ण रक्कम व्याजासकट परत करायची. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागता येतात. दावा न पटलेल्यांसाठी माघारीची वेगळी सोय आहे, पण ती चेक आलेला नसेल किंवा वटवलेला नसेल तरच. तुम्ही वटवलाय.

‘गप्प बसलो तर?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण यजमान विचारतील. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीसाठी आयआरएसची मुदत दावा भरल्यापासून सहा वर्षं केली. तुमच्यासाठी ती फेब्रुवारी २०२९. तोपर्यंत व्याज चढत राहील आणि त्यांनी आधी गाठलं तर दंडही येईल. आपणहून दुरुस्ती करणाऱ्याकडे बघायची नजर वेगळी असते. बाकी ज्या तीन तिमाहींचे चेक आले त्यात पात्रता खरी आहे, पण घरच्या चौघांची रक्कम जास्त आलीय. तिथली नेहमीची तीन वर्षांची मुदत उलटली असली तरी चुकून दिलेला परतावा सरकार पैसे दिल्यापासून दोन वर्षांत, आणि खोट्या माहितीवर मिळवला असेल तर पाच वर्षांत, कोर्टातून मागू शकतं. तिथे काय करायचं ते टॅक्सच्या वकिलाबरोबर एकदा बसून ठरवा. मी माझ्या बहिणीला सांगितलं असतं तेच तुम्हांला सांगतो: जास्तीचं मोजून बाजूला काढून ठेवा, ते धंद्यात वापरू नका.

२०२० च्या चौथ्या तिमाहीच्या अडकलेल्या दाव्यासाठी आयआरएसच्या बिझनेस अकाउंटमधून त्या तिमाहीचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नोंदींचा उतारा, काढा. दावा नोंदलेला दिसतो का ते आधी कळू दे. एजन्सीने पाठवला म्हटलं आणि पाठवलाच नव्हता, अशीही प्रकरणं माझ्याकडे आलीत. नोंदलेला असेल तर रक्कम बरोबर करणारा दुरुस्त ९४१-एक्स लागेल.

शेवटी एक काम, जे ईआरसी मिळालेल्यांपैकी पुष्कळांचं राहून जातं. जेवढं क्रेडिट मिळालं तेवढा पगाराचा खर्च इन्कम टॅक्समध्ये कमी दाखवायचा असतो, ज्या वर्षी पगार दिले त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये. तुमचे २०२० आणि २०२१ चे रिटर्न मी बघितले, खर्च कमी केलेला नाही. मार्च २०२५ मध्ये आयआरएसने सोय केली की जुने रिटर्न न बदलता, पैसे आले त्या वर्षाच्या उत्पन्नात ती रक्कम धरता येईल. तुमचे चेक २०२३ आणि २०२४ मध्ये आले. तुमची एस कॉर्पोरेशन असल्यामुळे हे तुमच्या के-१ मधून, म्हणजे कंपनीतला तुमचा हिस्सा दाखवणाऱ्या पत्रकातून, घरच्या रिटर्नपर्यंत येईल, आणि परताव्याबरोबर आलेलं व्याजही उत्पन्नच आहे. आधी तिसऱ्या तिमाहीचा ९४१-एक्स भरून घेऊ आणि मग या दोन वर्षांचे रिटर्न काढू, म्हणजे परत करायच्या पैशांवर टॅक्स भरायची वेळ येणार नाही. एजन्सीबरोबरचा करार आणि त्यांना दिलेल्या फीच्या पावत्याही घेऊन या. भरलेल्या फॉर्मवर प्रिपेअररचा, म्हणजे फॉर्म तयार करणाऱ्याचा, रकाना कोरा आहे आणि सही एकट्या तुमचीच, त्यामुळे त्यांनी तुम्हांला लेखी काय सांगितलं होतं ते मला बघायचंय.